दुधाच्या दाढेखाली दातच नाही

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची आहे. खालची उजवीकडची मागची दुधाची दाढ पडून तिथं नवा दात आला, डावीकडची मात्र हलतसुद्धा नाही. एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, खाली दातच तयार झालेला नाही. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली, त्याचं हे फळ. माझ्या नणंदेचाही वरचा एक दात पहिल्यापासून खिळ्यासारखा बारीक आहे, पण तिला कोणी बोलत नाही. असं किती जणांचं असतं? ही दाढ काढून टाकावी का? एक्स-रेचा फोटो सोबत पाठवते.
— एक आई, यावल तालुका

उत्तर : ताई, आधी ग्रहणाचं बोलू, कारण पत्रात दाढेपेक्षा तेच जास्त दुखतंय. जो दात आला नाही, त्या दुसऱ्या उपदाढेचा, म्हणजे मागच्या दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताचा, कोंब मूल पोटात असताना धरतच नाही. तो जन्मानंतर, साधारण दहाव्या महिन्याच्या सुमारास धरतो. तुमची लेक तेव्हा घरभर रांगत असेल. मग विळीचा संबंध येतो कुठे? सासूबाईंना हे उत्तर शांतपणे वाचून दाखवा.

खरं कारण बहुतेक वेळा रक्तातून येतं, आणि त्याची खूण तुम्हीच लिहिली आहे. पटाशीशेजारचा दात खिळ्यासारखा राहणं आणि एखादा दात मुळीच न येणं, ही दोन्ही एकाच घराण्यात पुष्कळदा सापडतात. म्हणून आता नणंदेकडे बोट दाखवू नका. नाकाडोळ्याची ठेवण येते तसंच हे येतं.

आता किती जणांचं? अक्कलदाढा सोडल्या तर 100 माणसांत 5-6 जणांचा एखादा तरी कायमचा दात जन्मतःच नसतो, मुलींत किंचित जास्त. म्हणजे 40 मुलांच्या वर्गात दोघं तरी निघतील. त्यात सगळ्यात जास्त चुकणाऱ्या दातांत हीच खालची उपदाढ येते. अक्कलदाढ तर पाचातल्या एकाला तरी कमी असते. उलट, जास्तीचा दात 100 मध्ये 1 ते 3 जणांना असतो, आणि तो मुलग्यांत अधिक. दवाखान्यातल्या नोंदींत हे आकडे अनेकदा मोठे दिसतात, कारण आमच्याकडे येतात तेच काहीतरी खटकलं म्हणून. आणि ज्यांचा एक्स-रे कधी निघालाच नाही, त्यांना मोजणार कोण?

तुमचा एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात दोनदा पाहिला. डाव्या दाढेखाली हाड सलग आहे, कोंबाचा मागमूस नाही. पण दाढेची मुळं शाबूत आहेत, झिजलेली नाहीत, आणि ही मोठी जमेची बाजू आहे. दात तयार होत असला की हाडात काळसर कोशात पांढरा गोळा दिसतो, घाट्यातल्या हरभऱ्यासारखा. 

ती दाढ घाईनं काढू नका, हे मी कळकळीनं सांगते. नवीन दवाखाना टाकला तेव्हा एक आजोबा नातवाला घेऊन आले, म्हणाले, "म्याडम, हाई दाढ काढी टाका." मी एक्स-रे न घेता काढली. नवा दात आलाच नाही. शेजारची दाढ फटीत कलली, आणि त्या मुलाला पुढं दोन वर्षं तारा लावाव्या लागल्या. ती चूक माझी होती. तेव्हापासून वेळेवर न पडलेली दुधाची दाढ एक्स-रे पाहिल्याशिवाय मी हलवत नाही. तुम्ही केळीवाले, तुम्हाला लगेच कळेल : बुंध्याशी पिलच, म्हणजे नवा कोंबच, धरलेला नाही तर उभं खोड तोडून पिलांची पुढची बाग कशी होणार?

मुळं शाबूत असलेली अशी दाढ चाळिशीपर्यंतही टिकलेली मी पाहिली आहे. तिला कीड लागू देऊ नका. वर्षातून एकदा दाखवा. शेजारच्या दातांपेक्षा ती खाली दबत चालली तर मात्र लवकर दाखवा. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांचं मत आत्ताच घ्या. दात दाटीनं आले असतील तर दाढ काढून जागा मिटवणं हाही चांगला मार्ग असतो, पण तो मोजमाप करून ठरतो. स्क्रूचा कृत्रिम दात कोणी आत्ताच सुचवला तर नाही म्हणा, जबड्याची वाढ पुरी झाल्याशिवाय तो बसवत नाहीत.

आणि मुलीच्या पाठचं भावंड असेल, तर 9 वर्षांचं झालं की त्याचाही एक एक्स-रे काढून घ्या.