रोज कॉफी प्यायल्याने त्वचा लवकर म्हातारी होते का?

नाही, दिवसाला दोन-तीन कप कॉफीने सुरकुत्या लवकर पडतात असे मानायला भक्कम आधार नाही. त्वचा अकाली जून होण्यामागे मुख्यतः ऊन आणि धूम्रपान असते, आणि तासगावच्या द्राक्षबागेत दुपारभर राबणाऱ्याची उघडी मान व त्याच्याच सदऱ्याखालची पाठ शेजारीशेजारी पाहिली, तर हा फरक स्पष्ट दिसतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, तर गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानले आहे. मात्र त्यातले निम्मे कॅफीन साधारण पाच तासांनंतरही शरीरात उरते, म्हणून संध्याकाळची कॉफी झोप मोडू शकते. अंगात रक्त कमी असलेल्यांनी तर ती जेवणासोबत घेऊच नये, कारण तिच्यामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते.