रिटायर झालेल्या दोघांनी आरव्ही घेऊन सॅव्हॅनाला जावं का? जुन्या शहरात एवढी मोठी गाडी कशी न्यायची?

तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे, न्यू जर्सीला राहता, भाड्याची आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जॉर्जियातल्या सॅव्हॅनाला जायचं मनात आहे, पण जुन्या शहराच्या रस्त्यांत ती गाडी कशी घालायची आणि तुमच्या मिसेसचे गुडघे दुखतात तर एवढं चालणं झेपेल का. आम्ही दोघं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन आलो, मी अडुसष्ट आणि ही पासष्ट, हिच्याही गुडघ्यांची तीच गत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जरूर जा. फक्त आरव्ही शहरात नेऊच नका.

आमची पंचवीस फुटी, क्लास सी प्रकारातली आरव्ही होती, आय-नाइंटी-फाइव्ह या महामार्गाने तीन दिवसांत रमतगमत खाली उतरलो. सॅव्हॅनाच्या जुन्या भागात रस्ते फार अरुंद नाहीत पण दर दोन मिनिटांनी बागेसारखा एक मोकळा चौक येतो आणि त्या चौकाला वळसा घालून जावं लागतं, वर ओकच्या फांद्या रस्त्यावर कमानीसारख्या वाकलेल्या, तिथं अकरा फूट उंचीची गाडी म्हणजे सतत जीव टांगणीला. फांदीचा अनुभव आम्ही वाटेतच घेतला होता, एका ठिकाणी पेट्रोल भरून निघताना मी आरशात मागचं बघत राहिलो आणि वर बघितलंच नाही, ऑनिंगचा (गाडीच्या बाजूच्या कापडी छताचा) कोपरा फांदीला घासला, कापड टराटरा फाटलं आणि भाड्याच्या कंपनीला त्याचे पैसे भरावे लागले. त्यानंतर हिनं गाडीची उंची मोठ्या आकड्यात कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली आणि वळताना ती खाली उतरून वर बघायची. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हे करा.

आम्ही स्किडअवे आयलंड स्टेट पार्कमध्ये पाच रात्री राहिलो. शहरापासून गाडीनं साधारण अर्धा तास, आरव्ही लावायच्या जागेवरच, म्हणजे साइटवर, पाणी आणि लाइटची जोडणी, झाडी इतकी दाट की दुपारीसुद्धा सावली. सकाळी कुकर लावून वरणभात डब्यात भरायचो आणि उबर करून शहरात. आरव्ही पाच दिवस जागची हलवली नाही, हा आमचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. शहरात डॉट नावाची बस फुकट फिरते आणि नदीपार जाणारी फेरीपण फुकट आहे, त्यामुळे आत गेल्यावर गाडीची आठवणही येत नाही. एक त्रास मात्र सांगून ठेवतो, तिथं वसंतात बारीक चिलटं असतात, डोळ्याला दिसत नाहीत पण चावली की दोन दिवस खाज, संध्याकाळी बाहेर खुर्च्या टाकून बसणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आता गुडघ्यांचं. मला वाटतं आपल्या वयाच्या माणसांसाठी अमेरिकेत यापेक्षा चांगलं चालायचं शहर नसेल, आणि त्याचं कारण त्या शहराच्या आखणीतच आहे. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प हा इंग्रज लोकांना घेऊन इथं आला आणि त्यानं गाव असं आखलं की मध्ये एक मोकळा चौक, त्याच्या दोन बाजूंना मिळून चार मोठे प्लॉट चर्च वगैरे सार्वजनिक इमारतींसाठी आणि वरखाली मिळून चाळीस प्लॉट घरांसाठी, हा झाला एक वॉर्ड, गाव वाढलं की तसाच दुसरा वॉर्ड शेजारी जोडायचा. असे चोवीस चौक झाले, त्यातले बावीस आज आहेत. म्हणजे तुम्ही तीन-चार मिनिटं चाललात की सावली आणि बाक, परत तीन-चार मिनिटं चाललात की परत सावली आणि बाक. ही पहिल्या दिवशी म्हणाली की आपण गाव बघतोय का बाकं बघतोय, आणि तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली की पुढच्या बाकापर्यंत जाऊ या ना अजून. झाडांवरून ते राखाडी जटांसारखं लोंबत असतं त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात पण ते शेवाळ नाहीच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे.

हे सगळं आपोआप टिकलं असं समजू नका. १९५४ साली एलिस स्क्वेअरमधली जुनी मंडई पाडून तिथं पार्किंगची इमारत बांधली. पुढच्याच वर्षी १८२० सालचं डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली तेव्हा सात बायका एकत्र आल्या, पैसे उभे केले आणि ते घर विकत घेतलं, त्यातूनच हिस्टॉरिक सॅव्हॅना फाउंडेशन उभं राहिलं आणि मग घरामागून घर वाचत गेलं. एलिस स्क्वेअरसुद्धा नंतर परत मोकळा केला, २०१० मध्ये, पार्किंग जमिनीखाली गेलं आणि वर आता पोरं कारंज्यात भिजत असतात. मी सदाशिव पेठेत वाढलोय, डोळ्यांसमोर वाड्यामागून वाडा गेला, आमचाही गेला, त्यामुळे डेव्हनपोर्ट हाउसच्या पायरीवर उभा राहिलो तेव्हा घशात काहीतरी अडकलं.

या शहराची दुसरी बाजू, गुलामगिरीची, बघितल्याशिवाय मात्र परत येऊ नका. ट्रॉलीवाले भुतांच्या गोष्टी खूप सांगतात, आम्हाला त्यात रस नव्हता, आम्ही ते पैसे ओवेन्स-थॉमस हाउस आणि फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चवर खर्च केले. ओवेन्स-थॉमसमध्ये मोठं घर नंतर, आधी मागच्या अंगणातली गुलामांची राहायची जागा दाखवतात, छताला निळा रंग अजून दिसतो, भुतंखेतं दूर राहावीत म्हणून ती माणसं तो लावायची. चर्चची इमारत गुलाम माणसांनी बांधली, दिवसभर मालकाचं काम करून रात्री विटा रचायच्या. १८५९ मध्ये पुरी झाली. खालच्या मजल्याच्या लाकडी जमिनीत चौकटीच्या नक्षीत भोकं आहेत, पळून आलेली माणसं त्या जमिनीखाली लपायची आणि श्वासासाठी ती भोकं, असं चर्चमधली मंडळी सांगतात. आणि त्याच १८५९ च्या मार्चमध्ये याच शहराबाहेर रेसकोर्सवर दोन दिवसांत ४३६ माणसांचा लिलाव झाला, एका मळेवाल्याचं कर्ज फेडायला. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता, तिथले लोक त्याला वीपिंग टाइम, म्हणजे रडण्याची वेळ, म्हणतात. ही ते ऐकल्यावर बाहेर येऊन बराच वेळ काही बोलली नाही.

राइट स्क्वेअरमध्येही थोडं थांबा. इथल्या मूळच्या यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचिची, ज्यानं ओगलथॉर्पला इथं वसू दिलं, त्याला १७३९ मध्ये याच चौकात पुरलं होतं आणि नंतर १८८३ साली त्याच जागेवर एका रेल्वेवाल्याचं भव्य स्मारक बांधलं. टोमोचिचीसाठी मग कोपऱ्यात एक मोठा दगड ठेवला. तो दगड शोधून त्याच्यापाशी उभे राहा.

रिव्हर स्ट्रीटला गुडघेवाल्यांनी जपून जायचं. वरून खाली जायचे दगडी जिने उंच आणि वाकडेतिकडे, पायऱ्या एकसारख्या नाहीत, सिटी हॉलजवळ लिफ्ट आहे ती वापरा, आणि खालचा रस्ता जहाजांतून वजनासाठी आणलेल्या दगडांचा आहे, चपला अजिबात नको, बूट घाला. संध्याकाळी तिथं खूप गजबज असते, गाणं-बजावणं, हातात दारूचा प्लास्टिकचा ग्लास घेऊन फिरणारी माणसं (जुन्या भागात तशी परवानगी आहे), आम्हाला मजा आली, पण आठला आम्ही परतलेलो असायचो. पूर्वेच्या टोकाला रुमाल हलवणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, फ्लोरेन्स मार्टस, तिचा भाऊ दीपगृहावर कामाला होता आणि ती १८८७ ते १९३१, तब्बल ४४ वर्षं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिवसा रुमाल आणि रात्री कंदील दाखवायची. आम्ही पुतळ्यापाशी बसलो असताना एक प्रचंड कंटेनर जहाज इतक्या जवळून गेलं की हिनं ओढणीच हलवली आणि वरून कोणीतरी हात केला. ही अजून फोनवर बहिणीला ते सांगते.

खाण्याचं, शाकाहारी असाल तर प्रत्येक ठिकाणी विचारा, पालेभाजीत आणि बीन्समध्येसुद्धा डुकराचं मांस घालून शिजवायची तिकडची पद्धत आहे. ग्रिट्स म्हणजे सरळ मक्याच्या कण्या, लोणी घालून छान लागतात. भेंडी भरपूर मिळते. आणि रस्त्याकडेला बॉइल्ड पीनट्सची पाटी दिसली की थांबा, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या आपल्या भुईमुगाच्या शेंगाच, इतक्या वर्षांत अमेरिकेत मला त्या कधी अशा मिळाल्या नव्हत्या.

एक दिवस टायबी बेटाकडे काढा, वाटेत फोर्ट पुलास्की आहे, साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंती, कोणी फोडूच शकत नाही असं म्हणायचे आणि एप्रिल १८६२ मध्ये नव्या प्रकारच्या तोफांनी तीस तासांत फोडल्या, गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. तुमच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा आयुष्यभराचा सीनियर पास असेल तर तिथं चालतो.

दिवस किमान चार ठेवा, मार्च-एप्रिलला जाणार असाल तर साइट कित्येक महिने आधी बुक करा, आणि १७ मार्चच्या आसपास जाऊ नका, सेंट पॅट्रिक्स डेची परेड तिथं १८२४ पासून निघते आणि त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या मिसेसना एका वेळी किती जिने चढवतात तेवढं इथं खाली लिहा, त्यावरून कुठलं घर आतून बघायचं आणि कुठलं बाहेरूनच ते सांगतो.