डोळ्यात पुन्हा पुन्हा इंजेक्शन कशाला?

प्रश्न : मधुमेहामुळे आईच्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्यात. तीन इंजेक्शनं झाली, डॉक्टर चौथं सांगतात. औषध लागू पडत नाही का?

उत्तर : पडतं, पण टिकत नाही. प्राणवायू पुरेसा असताना पेशी ‘हिफ-१ अल्फा’ हे प्रथिन सतत मोडून टाकतात. बारीक वाहिन्या बुजून प्राणवायू कमी पडला की ते साठतं आणि ‘व्हीईजीएफ’ हे नव्या वाहिन्या फुटवणारं प्रथिन वाढवतं. त्यातून फुटणाऱ्या वाहिन्या नाजूक, गळक्या. इंजेक्शनमधलं रॅनिबिझुमॅब हे औषध (०.०५ मिलीत ०.५ मिग्रॅ) तयार झालेलं व्हीईजीएफ बांधून ठेवतं. कारखाना मात्र चालूच! महिन्याभरात जोर ओसरतो, म्हणून तारीख चुकवू नका. लेझर उपाशी पडद्याचा काही भाग जाळून प्राणवायूची मागणीच घटवतो, त्याबद्दलही विचारा. इंजेक्शननंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दाखवा.