सगळ्याच गोष्टींवर शंका घ्यायची सवय लागलीय, ती सोडावी का?

तुम्ही विचारलंय की जगाची बातमी असो, कंपनीची जाहिरात असो की गल्लीतली चर्चा, आधी ‘हे खरं कशावरून?’ असंच मनात येतं. घरचे म्हणतात स्वभाव वाकडा झाला. मग ही सवय सोडावी का?

सोडू नका. फक्त शंका आली की तिला कामाला लावा. ‘सगळे चोर आहेत’ म्हणून मोकळं होणाऱ्याला मी शंकेखोर मानतच नाही. डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यासारखंच त्यानंही काही तपासलेलं नसतं.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातला. घरी हळद आणि सोयाबीन. मला हा धडा २०२० च्या खरिपानं दिला. त्या वर्षी मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आमच्याही तीन एकरांत आठव्या दिवशी पेरलेल्या ओळी, तासच्या तास, मोकळ्या. गावच्या ग्रुपवर एकच सूर, कंपनीनं बोगस बियाणं दिलं. मीही तावातावानं तेच लिहिलं.

पंचनाम्याला कृषी सहायक आले. ते काही न बोलता तासात उकिडवे बसले आणि बोटानं माती उकरायला लागले. दाणा सापडला तो बोटभर खोल, मऊ पडलेला, कुजका. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये, आमच्या पेरणी यंत्रानं ते त्याहून बरंच खाली टाकलं होतं. शेजारच्या मामांनी तर घरचं बियाणं पेरलं होतं, त्यांचंही निम्मं गेलं. मग पुढचा उलगडा झाला. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं होतं, आणि त्याच पिकाचं बियाणं पुढच्या वर्षी घरोघरी आणि दुकानोदुकानी होतं. कंपनी यातून सुटत नाही. बियाण्याच्या बॅगेवरच्या टॅगवर किमान ७० टक्के उगवण छापलेली असते, ती देणं तिचं कामच आहे. पण मी ग्रुपवर जे लिहिलं ते अर्धंच खरं होतं, आणि ते न तपासता लिहिलं होतं. दुबार पेरणीच्या खर्चाइतकंच ते मला लागलं.

तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात घरी उगवण तपासतो. बॅग खालून उसवायची, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतो. न निवडता १०० दाणे घ्यायचे. धुतलेल्या ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांनी आई गुंडाळी उलगडते आणि मोड मोजते. सोयाबीनची साल पातळ असते, पोतं नुसतं आपटलं तरी उगवण घटते, म्हणून ती दाण्यांना हात लावतानाही जपून लावते. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीच्या मापानं पेरायचं, थोडे कमी भरले तर बियाणं वाढवायचं. एका वर्षी टॅग सत्तर सांगत होता आणि गोणपाटानं ५८ सांगितले. पावती जपून ठेवली होती, बॅग बदलून मिळाली.

टॅगचा रंगही बघत जा. निळा टॅग म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेनं तपासलेलं बियाणं. हिरवट टॅग म्हणजे कंपनीची स्वतःची हमी. हिरव्या टॅगचं बियाणं वाईटच असतं असं नाही, पण दावा करणारा आणि तपासणारा एकच आहे एवढं तो सांगतो. मी कुठल्याही जाहिरातीत पहिलं हेच शोधतो. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणीच्या खोलीत स्वच्छ ठरत होत्या, कारण चाचणी चाललीय हे ओळखणारं सॉफ्टवेअर गाडीतच बसवलेलं होतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी धूर मोजायची यंत्रं गाडीत ठेवली आणि ती सरळ रस्त्यावर चालवली. तिथून धागा निघाला, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये प्रकरण उघड झालं आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. आमच्या गोणपाटाची आणि त्यांच्या रस्त्याची जात एकच.

काही बातम्या खऱ्या असूनही आपल्या कामाच्या नसतात. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ ही त्यातलीच. हवामान खात्याच्या हिशोबात सरासरीइतका म्हणजे ९६ ते १०४ टक्के, आणि ती सरासरी अख्ख्या देशाची, जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटिमीटर. त्यात जुलैचे वीस दिवस आमच्याकडं कोरडे गेले तरी अंदाज बरोबरच ठरतो. तेव्हा खात्याला शिव्या देऊ नका. त्या आकड्यावर पेरणी मात्र ठरवू नका, आपल्या शिवारातली ओल बघा.

जगाच्या बातमीचं तपासणं आपल्या हातात नसतं, तिथं मी थांबतो. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या घातक शस्त्रांबद्दल चित्रं आणि ध्वनिफिती मांडल्या. त्याच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासणीचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक प्रत्यक्ष इराकात फिरत होते आणि साठे सापडल्याचं सांगत नव्हते. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये अमेरिकेच्याच पथकानं तसे साठे नव्हते असा अहवाल दिला. व्यासपीठावरचा आणि जागेवरचा वेगळं बोलत असतील तर मी जागेवरच्याची वाट बघतो.

आणि जी बातमी वाचून छाती फुगते तिच्यावर दुप्पट कडक राहा. दिवाळीच्या रात्रीचा अंतराळातून काढलेला भारत म्हणून रंगीत फोटो दरवर्षी येतो. तो एका रात्रीचा नाहीच. १९९२ ते २००३ या काळात दिवे कुठं कुठं वाढले हे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा तो नकाशा आहे. मीही तो पूर्वी पुढं पाठवलाय.

घरच्यांचं म्हणाल तर आमच्या घरचं सांगतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात दहा-एक मिनिटांच्या अंतरानं भूकंपाचे दोन धक्के बसले, ४.५ आणि ३.६ चे. पत्रे वाजले, मांडणीवरचे डबे खाली आले. संध्याकाळपर्यंत फोनवर निरोप, ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, सगळ्यांनी बाहेर झोपा.’ शेजारच्या मामी घाबरून बाज अंगणात ओढायला लागल्या. मी सांगत होतो की भूकंपाची वेळ आधी सांगणं जगात अजून कुणालाही जमलेलं नाही, त्यामुळं वेळ लिहिलीय तिथंच तो निरोप खोटा. पण आई त्यांना एवढंच म्हणाली, ‘९३ ला किल्लारीच्या वेळी कुणी वेळ सांगितली होती का?’ मामी थांबल्या.

मग आईनं वर बघितलं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आमच्याकडं पत्र्यांवर दगड ठेवतात, आणि पत्रा हलला की तेच डोक्यात पडतात. निरोप खोटा होता, दगड खरे होते. अंधार पडायच्या आत मी वर चढलो, मामा खाली उभे राहिले, एकेक दगड हातात दिला. आमच्या एका घरावरून सतरा निघाले. दुसऱ्या दिवशी वसमतहून बोल्ट आणून पत्रे आवळले, आणि मग मामांच्या घरावर चढलो.