रिपोर्टात ‘टेअर’ आलंय, मग ऑपरेशन करायचंच का? खांद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

खांदेदुखीवर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीगच आला, सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार प्रश्न निवडलेत ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न बऱ्यापैकी येऊन जातात.

प्रश्न : आई ६४ वर्षांची आहे. उजवा खांदा सात-आठ महिने दुखतोय, फडताळातला वरचा डबा काढताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पडली-बिडली काही नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसचा फुल थिकनेस टेअर आलाय, दीड सेंटीमीटरचा. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात आधी तीन महिने व्यायाम. कोणाचं ऐकायचं? (सातारा)

दादा, आधी हे सांगा की आईंचा हात वर जातो का? दुखत का होईना, पण स्वतःच्या ताकदीने जातो ना? जात असेल तर घाई नाही, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

आता का ते सांगतो. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, चहूबाजूंनी धरून असतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात, आणि त्यातला वरचा सुप्रास्पायनेटस हा वयानुसार झिजतोच, कोणाचा कमी कोणाचा जास्त, आणि झिजून फाटला की तो टेअर, पूर्ण जाडीभर फाटला की फुल थिकनेस किंवा पूर्ण टेअर. १९९५ मध्ये अमेरिकेत ९६ अशा लोकांचा एमआरआय काढला ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता, तर साठीच्या पुढच्यांमध्ये निम्म्याहून जास्त जणांना, ५४ टक्के, अर्धवट किंवा पूर्ण टेअर निघाला! जपानमध्ये तर एका गावातल्या ६६४ लोकांची सोनोग्राफी केली, त्यात २२ टक्के लोकांना पूर्ण टेअर होता आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना काहीही त्रास नव्हता. म्हणजे आईंचा टेअर हा दुखायला लागायच्या आधीपासून तिथे असू शकतो, फक्त फोटो आत्ता काढला. म्हणून नुसत्या रिपोर्टवर मी कधीच ऑपरेशन ठरवत नाही, आणि तुम्हीही ठरवू देऊ नका असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे.

अमेरिकेतच ४५२ पेशंट घेतले होते, सगळे न पडता झालेल्या पूर्ण टेअरचे, सगळ्यांना आधी ठरावीक व्यायाम दिले, दोन वर्षांनी बघितलं तर पाव लोकांनीसुद्धा ऑपरेशन करून घेतलं नव्हतं. फिनलंडमध्ये पंचावन्नच्या वरच्या लोकांचे १८० खांदे तीन गटांत वाटले, नुसता व्यायाम, टेंडनच्या वरचं हाड घासून जागा करणं, आणि टेंडन शिवणं, तर दोन वर्षांनंतर तिघांत फरक नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण व्यायामवाले ती सांगत नाहीत. नॉर्वेत १०३ पेशंटना, ३ सेंटीमीटरपर्यंतचे टेअर असलेल्यांना, एकतर शिवलं किंवा फिजिओ दिली आणि तब्बल १० वर्षं त्यांच्या मागे राहिले. सुरुवातीला फरक थोडाच होता पण वर्षं गेली तसा शिवलेल्यांच्या बाजूने वाढत गेला, आणि फिजिओच्या ५१ पैकी १४ जणांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं. कारण न शिवलेला टेअर काही जणांत हळूहळू मोठा होतो. म्हणून मी काय करेन सांगतो: तीन महिने नीट व्यायाम, नीट म्हणजे फिजिओकडे शिकून घरी रोज, आठवड्यातून दोनदा मशीनचा शेक घेऊन येणं म्हणजे व्यायाम नव्हे. बरं वाटलं तरी वर्षभराने एक सोनोग्राफी, टेअर वाढत असेल किंवा आईंची झोपच होत नसेल तर शिवायचा विचार. त्या ६४ च्या आहेत, हातीपायी धडधाकट असतील तर तेव्हाही उशीर झालेला नसेल.

आणि एक गोष्ट पहिल्या डॉक्टरांना जरूर विचारा, की ऑपरेशन म्हणजे नेमकं काय करणार, टेंडन शिवणार की नुसतं ‘वरचं हाड घासून जागा करून देणार’? कारण हे नुसतं घासायचं ऑपरेशन वर्षानुवर्षं जगभर धडाक्यात चाललं होतं आणि मग इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी हिंमत करून त्याची परीक्षा घेतली. पूर्ण टेअर नसलेले, पण खांदा दुखणारे ३१३ पेशंट, एका गटाला खरं घासलं, दुसऱ्या गटाला भूल देऊन भोकं पाडली, दुर्बीण आत घालून बघितलं आणि काहीही न घासता बाहेर काढली, टाके दोघांना सारखेच त्यामुळे पेशंटला कळायला मार्ग नाही, तिसऱ्या गटाला काहीच उपचार नाही. निकाल २०१७ च्या शेवटी आला: घासलेले आणि न घासलेले अगदी सारखे! काहीच न केलेल्यांपेक्षा दोघं किंचित बरे, पण इतके किंचित की पेशंटला जाणवावं असं नाही. फिनलंडमधूनही पुढच्याच वर्षी असाच निकाल आला आणि २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट लिहिलं की नुसत्या अशा दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नका. मला या अभ्यासांबद्दल फार आदर आहे, स्वतःचं रोजचं ऑपरेशन असं तपासून बघायला सर्जन तयार झाले आणि पेशंटही तयार झाले, ही साधी गोष्ट नाही.

प्रश्न : मिस्टर ४८ वर्षांचे, पावसात गाडी स्लिप झाली आणि हातावर पडले. एक्सरे नॉर्मल आहे. तीन आठवडे झाले तरी हात खांद्याच्या वर जात नाही, मी धरून वर नेला तर जातो पण सोडला की पडतो. मुका मार आहे, होईल कमी असं सगळे म्हणतात. (नाशिक)

ताई, हे वाचल्यावर या आठवड्यातच खांद्याच्या सर्जनला दाखवा. वरच्या प्रश्नात मी थांबा म्हणालो, इथे थांबू नका.

एक्सरेत हाड दिसतं, टेंडन दिसत नाही. पडल्यानंतर हात दुसऱ्याने उचलला तर जातो पण स्वतःहून टिकत नाही, याचा अर्थ टेंडन हाडावरून सुटला असण्याची दाट शक्यता आहे, क्वचित नस दबलेली असते, ते तपासल्यावर कळेल. सुटलेला टेंडन जागेवर राहत नाही, स्नायू त्याला मागे ओढून घेतो आणि काम नसलेल्या त्या स्नायूत हळूहळू चरबी भरायला लागते. फ्रान्समधल्या गुतालिए नावाच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवर याच्या पायऱ्या ठरवून दिल्या, आजही आम्ही त्याच वापरतो, आणि वाईट गोष्ट अशी की एकदा चरबी भरली की नंतर कितीही छान शिवलं तरी ती जात नाही. म्हणून अशा अपघाती टेअरमध्ये आठवडे मोजायचे असतात, सोनोग्राफी किंवा एमआरआय लगेच करा.

शिवायचं ठरलं तर दुर्बिणीतून करतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान तीन-चार भोकं, आत सलाईनचं पाणी सोडून जागा फुगवायची, टेंडन जिथून सुटला तिथलं हाड थोडं खरवडून ताजं करायचं, त्यात अँकर बसवायचे, बारीक खिळेच म्हणा, आणि त्यांच्या दोऱ्यांनी टेंडन हाडावर दाबून बांधायचा. कोणी उघडून करणारे असतील तरी घाबरू नका, इंग्लंडमध्ये २७३ पेशंटवर दोन्ही पद्धती तपासल्या, दोन वर्षांनंतर फरक नव्हता. सर्जनचा हात कशावर बसलेला आहे ते महत्त्वाचं.

ऑपरेशन तासा-दीड तासाचं, खरी परीक्षा पुढे. चार ते सहा आठवडे पट्टा, रात्रीसुद्धा, पहिले काही दिवस आडवं झोपवतच नाही, तीन-चार उशा लावून अर्धवट बसून झोप. मग फिजिओ हात हलवून देणार, मग स्वतः हलवायचा, आणि वजन उचलणं तीन महिन्यांनंतरच. दुखायचं थांबलं म्हणून दोन महिन्यांतच सिलिंडर उचलणारे महाभाग असतात, मिस्टरांवर लक्ष ठेवा! सिगारेट असेल तर आजपासून बंद, टेंडन जुळण्यात तिचा मोठा अडथळा होतो. आणि हे आधीच माहीत असू द्या की मोठे टेअर शिवले तरी पुन्हा उसवू शकतात, अमेरिकेतल्या २००४ च्या एका अभ्यासात मोठ्या टेअरच्या १८ पैकी १७ जणांत सोनोग्राफीवर पुन्हा टेअर दिसला, तरी वर्षभरानंतर त्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी आणि हात चालता होता. आता तंत्र सुधारलंय, पण सर्जनना विचारायला संकोच करू नका की तुमच्याकडच्या पेशंटचं वर्षाने काय होतं. बॉस्टनचे डॉ. कॉडमन, ज्यांनी असा टेंडन शिवल्याचं १९११ मध्येच लिहून ठेवलं, ते प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचे आणि वर्षाने बोलावून तपासायचे, सगळ्या हॉस्पिटलांनी हेच करावं म्हणून भांडले आणि १९१४ मध्ये ज्या मोठ्या हॉस्पिटलात काम करायचे तेही सोडलं. शंभर वर्षं झाली, तो आग्रह अजून आपल्याकडे रुजायचाय.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. खांदा तीनदा उतरला, तिन्ही वेळा गावातल्या एकांनी बसवून दिला. आता टी-शर्ट काढतानाही भीती वाटते म्हणतो. व्यायामाने घट्ट होईल का? (सांगली)

काका, तीनदा उतरलेला खांदा, वय १९ आणि खेळ कबड्डी, इथे व्यायामाने भागेल असं मला वाटत नाही. खांद्याची खोबण म्हणजे बशी, तिच्यावर मोठा चेंडू, आणि बशीच्या काठाला असलेली रबरासारखी कड चेंडूला धरून ठेवते. खांदा पुढे उतरतो तेव्हा ती कड उखडते, लंडनच्या बँकार्ट यांनी १९२३ मध्ये हे ठासून मांडलं आणि ती कड परत शिवायच्या ऑपरेशनला त्यांचंच नाव आहे. पहिल्यांदा उतरताना वय जितकं लहान तितकी पुन्हा उतरायची शक्यता जास्त. आणि दरवेळी उतरताना बशीचा काठही थोडा झिजतो, म्हणून मुलाचा एमआरआयबरोबर सीटी स्कॅनही लागेल. हाड शाबूत असेल तर दुर्बिणीतून बँकार्ट, बरंच गेलं असेल तर लाटार्जे, म्हणजे जवळच्या हाडाचा तुकडा स्नायूसकट आणून काठावर स्क्रूने बसवायचा, हे १९५४ मधलं फ्रेंच ऑपरेशन आहे आणि धरपकडीच्या खेळाडूंत अजून भरवशाचं.

श्रेयस अय्यर आठवतोय ना, मार्च २०२१ मध्ये पुण्यात गहुंज्याला इंग्लंडविरुद्ध डाइव्ह मारताना त्याचा डावा खांदा उतरला, एप्रिलमध्ये ऑपरेशन आणि सप्टेंबरमध्ये आयपीएलच्या दुसऱ्या टप्प्यात परत मैदानावर. कबड्डीत हात ओढला जातो त्यामुळे सहा महिने तरी धरा, कोच काहीही म्हणोत. आणि यापुढे उतरला तर हॉस्पिटलातच बसवा, आधी एक्सरे काढून, कारण हाड मोडलेलं असताना खेचलं तर नुकसान होतं, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का हेही बघावं लागतं, तिथली नस ताणली गेलेली असू शकते.

प्रश्न : वय ५२, शुगर आहे. डावा हात मागे जातच नाही, वेणी घालता येत नाही, ब्लाऊजचं हूक लावता येत नाही. फ्रोजन शोल्डर सांगितलंय. ऑपरेशनने लवकर सुटेल का? (नागपूर)

ताई, फ्रोजन शोल्डर म्हणजे सांध्याचं आवरण आखडून खांदा जाम होणं, शुगर असलेल्यांना हे फार होतं, तुमचं काही चुकलं म्हणून नाही. एक साधा एक्सरे काढून ठेवा, संधिवात नाही ना एवढं बघायला. बाकी ऑपरेशनने लवकर सुटेलच असं नाही. इंग्लंडमध्ये ३५ हॉस्पिटलांत ५०३ पेशंट घेऊन, भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि इंजेक्शनसह शिस्तशीर फिजिओ अशी तुलना केली, २०२० मध्ये निकाल आला, वर्षभराने कोणतीही पद्धत ठळकपणे सरस ठरली नाही आणि गंभीर त्रास सर्वात जास्त दुर्बिणीवाल्यांत. म्हणून सांध्यात एक स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओ इथूनच सुरुवात करा. पूर्ण सुटायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, पण रात्रीचं दुखणं त्याच्या बरंच आधी कमी होतं. इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवा आणि तो आठवडा घरी रोज तपासा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन्ही. उजवा खांदाही हलता ठेवा, मधुमेहींमध्ये दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतं.