कर्नाटक पासिंगची ॲबार्थ पुंटो घेताय? रिमॅप नंतर, कागद आधी

तुमचा प्रश्न वाचला आणि माझं २०१९ साल जसंच्या तसं समोर आलं. तुम्ही बघताय ती फियाटची २०१६ची ॲबार्थ पुंटो, कर्नाटक पासिंग, मूळ पांढऱ्या रंगावर करडा रॅप (चिकटवलेली फिल्म), आधीच्या मालकाने बसवलेला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट. पुण्यात रोज वारजे ते हिंजवडी नेली तर चालेल का, आणि आधी स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करू की स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझी गाडी जवळपास अशीच होती. रॅपचा रंगसुद्धा करडाच.

गाडी जरूर घ्या. आपल्या रांजणगावात बनलेली, १.४ लिटर टी-जेट टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हातात जिवंत वाटणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग. ऑक्टोबर २०१५ला आली तेव्हा दहा लाखांच्या आत होती. त्या पैशात असं काही पुन्हा आपल्याला मिळालेलं नाही आणि पुढे मिळेलसं वाटत नाही. इंजिन, टर्बो, क्लच कसे तपासायचे ते तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला माहीत आहे, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

मी गाडी मार्चमध्ये घेतली. गाडी दुसऱ्या राज्यात नेण्याची एनओसी (फॉर्म २८) हातात आली, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या झाल्या, पूर्ण पैसे देऊन मी गाडी पुण्याला आणली. पॉलिसी आठ महिने शिल्लक होती, आधीच्या मालकाच्या नावावर. विमा कंपनीला फोन केला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, आधी आरसी तुमच्या नावावर होऊ द्या, मग पॉलिसी ट्रान्सफर करू." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या सगळ्या नुकसानाचं मूळ त्या एका "बरं"मध्ये आहे.

कारण आरसी काही नावावर होईना. आरटीओ कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथे काय झालं ते सांगतो. पहिल्या तपासणीला साहेबांनी आरसीवर पांढरा आणि समोर करडा रंग बघून गाडी परत पाठवली. हे बरोबरच होतं, माझी तक्रार नाही. मी रॅप काढायला दिला, तर बॉनेटचा रंगही रॅपबरोबर सोलून आला, म्हणजे बॉनेट आधी कधीतरी बाहेर रंगवलेलं होतं. ते पुन्हा रंगवलं. पुढची तारीख मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. दुसऱ्या तपासणीला तेच साहेब, तीच गाडी, आणि आता म्हणतात, "सायलेन्सर कंपनीचा लावून आणा." पहिल्या दिवशीही हाच एक्झॉस्ट होता, तेव्हाही इंजिन चालू करून बघितलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून द्यायला दोन मिनिटं लागली असती. मी लेखी द्या म्हटलं तर दिलं नाही. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला मी एकूण नऊ वेळा रजा टाकली. अजूनही ते आठवलं की संताप होतो.

आधीच्या मालकाने मूळ सायलेन्सर भंगारात दिला होता. शोधाशोध सुरू असतानाच जुलै उजाडला. बावधनजवळ मुसळधार पावसात गाडी पाण्यावरून सरकली आणि दुभाजकाला धडकली. कोणाला लागलं नाही, ते महत्त्वाचं. पण बंपर, रेडिएटर, इंटरकूलर, डावा लोअर आर्म असं सगळं धरून बिल १,८४,००० रुपये. क्लेम नाकारला गेला. पॉलिसी ज्याच्या नावावर, त्याची आता गाडी नाही, आणि गाडी ज्याची, त्याच्याशी कंपनीचा करार नाही. फोनवर मला काय सांगितलं होतं त्याचा माझ्याकडे काहीही पुरावा नव्हता.

नियम नंतर नीट समजून घेतला. (मी वकील नाही, विमा एजंटही नाही. तुमच्या कंपनीकडून खात्री करून घ्याच.) मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचं (दुसऱ्याच्या नुकसानीचं) संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून मागायची असते. आरसी हातात यायची वाट बघत बसायचं नाही. सही झालेल्या फॉर्म २९-३०च्या प्रती आणि विक्रीचा करार जोडून पहिल्याच दिवशी मेल करायचा. फोन नको, मेलच. कंपनीने नंतर आरसी मागितली तर मागू दे, तुमचा अर्ज मुदतीत नोंदलेला असतो आणि नकार दिलाच तर तो लेखी मिळतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सवलत) मात्र जुन्या मालकाचाच, तेवढा फरक भरावा लागतो. कंपनीने टाळाटाळ केली तर सरळ स्वतःच्या नावाने नवीन पॉलिसीची चौकशी करा. त्याचे दहा-पंधरा हजार जातील, जाऊ द्या.

आता मॉडिफिकेशन. माझं मत कडक आहे आणि ते सगळ्यांना पटेल असं नाही. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रिमॅप डोळ्याला दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मोठा अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर प्रत्येक बदललेला पार्ट लिहून काढतो, माझ्या वेळीही त्याने दीड पान भरलं होतं. जो बदल कराल तो विमा कंपनीला कळवा, आणि जो कळवायची हिंमत होत नाही तो करू नका.

त्यातूनही रिमॅप करायचाच असेल तर किमान वर्षभर गाडी आहे तशी चालवा. दहा वर्षांच्या इंजिनात बूस्टची (टर्बोच्या दाबाची) गळती, थकलेले कॉइल, घसरायला लागलेला क्लच, यातलं काहीतरी असतंच. रिमॅपने ते बरं होत नाही, लवकर फुटतं. माझ्या ओळखीतल्या दोन गाड्यांचे क्लच रिमॅपनंतर सहा महिन्यांत गेले. आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असणार. वाढीव ताकद तिथे वापरणार कुठे? मी बदललेला डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा नळ) काढला, मूळ मॅप ठेवला, आणि तेच पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश यांत घातले. गाडी आता वळणात जशी बसते, तशी रिमॅप केलेल्या गाड्या बसताना मी पाहिलेल्या नाहीत.

स्प्रिंगा खाली घेण्याचा विचार तर आजच सोडा. ॲबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १५५ मिमी आहे. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात ते तुम्ही रोज बघता.

टायमिंग बेल्टबद्दल विक्रेता "मागच्याच वर्षी बदललाय" म्हणेल. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि ताब्यात घेतल्याबरोबर बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच करा. बेल्ट तुटला तर इंजिन उघडावं लागेल. तेल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, मी ७,५०० किमीला बदलतो. हेही लक्षात घ्या की २०१६ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही. मेकॅनिककडून इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला बघून घ्या, कडक झालेल्या किंवा चिरलेल्या दिसल्या की लगेच बदला.

पार्ट्सची भीती लोक उगाच जास्त घालतात. दरवाजे, काचा, बाहेरचा बराचसा पत्रा साध्या पुंटोचा चालतो. इंजिनाच्या कित्येक वस्तूंसाठी फियाटच्याच लिनिया टी-जेटचा आधार मिळतो. ॲबार्थची मूळ अलॉय व्हील्स मात्र खड्ड्यात वाकली की जीव मेटाकुटीला येतो, म्हणून एखादं जादा व्हील कुठे दिसलं तर घेऊन ठेवा.

माझी पासिंग शेवटी नोव्हेंबरमध्ये झाली. मोडीत काढलेल्या एका ॲबार्थचा मूळ सायलेन्सर कोल्हापुरात मिळाला तेव्हा. कर भरताना मूळ खरेदीचं इन्व्हॉइस मागितलं होतं, ते आधीच्या मालकाकडून आत्ताच घेऊन ठेवा, त्याच्याबरोबर कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराची पावतीही. परताव्याचा अर्ज तिच्याशिवाय पुढे सरकत नाही. परिवहनच्या साइटवर गाडीवर कर्जाचा बोजा किंवा जुनी चलनं दिसतात का तेही बघा.

गाडीवर आज १,१८,००० किमी झालेत आणि मी ती विकणार नाही. तुम्ही टोकन द्यायच्या आधी मालकाला फक्त एवढं विचारा की कंपनीचा सायलेन्सर कुठे आहे. "घरी माळ्यावर आहे" म्हणाला तर तो गाडीत टाकून घ्या. "विकला" म्हणाला तर किमतीतून निदान वीस हजार कमी करायला सांगा, आणि रॅप त्याच्याच खर्चाने, तुमच्या डोळ्यांसमोर काढून घ्या.