शेळीची टाच

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तिसरीचा परिसर अभ्यास शिकवताना प्राण्यांचा पाठ दोन तासांत संपतो, पुढे काय करू, असं विचारलंस. शाळेसमोर कुणाची तरी शेळी बांधलेली असते ना? मालकाला विचारून तिला पटांगणात आण.

कुणीतरी विचारेलच, हिचा मागचा गुडघा उलटा का? लगेच उत्तर देऊ नकोस. मुलांना चवड्यांवर उभं कर, गुडघे थोडे वाकवून, टाचा उंच. एकमेकांचे पाय बाजूनं बघू देत, मग शेळीचे. मागं वळलेला तो सांधा म्हणजे तिची टाच, हे दोघा-चौघांना तरी आपोआप दिसेल. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. कुत्रं-मांजर बोटांवर चालतात, आपण आणि अस्वल अख्ख्या तळव्यावर. शेळी मात्र थेट बोटांच्या टोकांवर. तिचे खूर म्हणजे नखंच. पूर्ण तास यात गेला तरी जाऊ दे. माणूस आणि जनावर हाडांच्या एकाच आराखड्याचे वेगवेगळे नमुने आहेत, हे इथं पायाला कळतं. जिराफाच्या मानेतही आपल्याइतकेच, सातच मणके असतात, हे त्यानंतर सांगितलंस तर मुलं आपली मान चाचपून बघतील.

दातांचा तास वेगळा घे. या वयात दुधाचे 20 दात पडत असतात, त्यामुळे मोजायला तोंडं तयारच आहेत. शेळीच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, कडक हिरडी असते. मग ती पाला तोडते कशी? ती खाताना बघा. रवंथ करताना जबडा आडवा फिरतो, तेही मुलांना करून बघू दे. (हसतील, हसू दे.)

‘पाळीव आणि जंगली’, ‘उपयोगी प्राणी’ असे तक्ते भिंतीवर असू देत, पण त्यांवर वेळ घालवू नकोस. ‘गाय आपल्याला दूध देते’ हे वाक्य तर मला अजिबात आवडत नाही. गाय दूध देते वासराला. आईचं दूध बाळाला, कुत्रीचं पिल्लांना, वटवाघळाचंही पिल्लाला. इथून सस्तन प्राण्यांचा गट मुलंच बांधतील आणि उडतं म्हणून पक्ष्यांत टाकलेलं वटवाघूळ स्वतःच बाहेर काढतील. नागपंचमीच्या आसपास कुणी सापाच्या दुधाचं विचारलं, तर याच गटाकडे बोट दाखव: सापाची पिल्लं आईचं दूध पीत नाहीत, दूध हे त्याचं अन्नच नाही. घरच्यांची थट्टा मात्र होऊ देऊ नकोस. मूल घरी जाऊन आजीशी भांडलं, तर दुसऱ्या दिवशी आजी शाळेत येते आणि तुझा तास जातो.

करडू कुठून आलं, हेही विचारतील. गावातल्या मुलांनी शेळी विताना पाहिलेली असते. आईच्या पोटात वाढलं आणि खालच्या वाटेनं बाहेर आलं, एवढं साध्या आवाजात सांग. तू लाजलीस की प्रश्न बंद होतात.

एक व्यवहाराचं: शेळीला हात लावू देण्याआधी तिला धरायला मालकच असू दे, तिच्याभोवती एका वेळी चार-पाचच मुलं ठेव आणि नंतर सगळ्यांना साबणानं हात धुवायला लाव. साबण शाळेत बहुधा नसतो, तो घरून ने.

तुझी,
बाई